वडूजचे कृमी

६ जानेवारी २०२५, सोमवार
आज पुन्हा तेच! औषध टाकलं, पाच मिनिटं थांबले, दहा थांबले — कृमी आपले मजेत वळवळतायत.

असं होऊच शकत नाही. मेंढीच्या या चपट्या रक्तकृमींच्या स्नायूंत एक प्रथिन असतं, आयन वाहिनी. पेशीचं बारीकसं दारच. औषध तिथे बसलं की दार उघडं पडतं, कॅल्शियम आत घुसतं आणि कृमी मिनिटभरात आकसून ताठ होतो. माझा सगळा प्रबंध या एका दारावर उभा आहे. शुक्रवारी हीच जात, हीच बाटली — सगळे ताठ झाले होते की!

शुक्रवारी शेजारच्या टेबलावरचा, माझ्याबरोबरच संशोधन करणारा वीरधवल प्रयोगशाळेत नव्हता.

१० जानेवारी, शुक्रवार
मिरजेच्या कत्तलखान्यातून मेंढ्यांची आतडी आली. शिरांतले कृमी काढले, औषध टाकलं. सगळे ताठ! वीरधवल विट्याला, घरी गेलेला. कुणाजवळ बोलत नाही. इथे लिहितेय फक्त.

२० जानेवारी, सोमवार
आला. वीरधवलची बहीण वडूजला दिलीय, तिथल्या मटणवाल्याकडून नेहमीसारखे थर्मासमधून कृमी घेऊन. "बघ गं अर्फा, लय जिवंत हायत!"

माझ्यासाठी एवढी यातायात कशाला? क्रांती मॅडमच्या प्रकल्पात पुढच्या दोन वर्षांसाठी एकच जागा आहे. तो नाहीतर मी.

औषध टाकलं — काही नाही. तो खुर्ची ओढून शेजारीच बसला. कृमींकडे बघायचा, मग माझ्या वहीकडे. वही मिटली मी.

२१ जानेवारी
बाटलीवर पेनाने बारीक खूण केलीय.

२३ जानेवारी
औषध खुणेच्या बोटभर खाली! सरळ विचारलं, "माझी बाटली कुणी उघडली?"
"मी."
घाबरला नाही, काही नाही.
"कशाला?"
"खात्री झाल्याबिगर बोलत न्हाई मी. थोडं थांब की."

आज औषध काढलं, उद्या पाणी भरणार. एवढंही कळत नाही का मला!

२७ जानेवारी
सकाळी अम्मी म्हणाली, "तू आँखों से देखी क्या, पानी मिलाते?" नाही पाहिलं. पण दुसरं उरतंच काय? लेखी तक्रार दिली.

मॅडमनी दोघांना बोलावलं. "तिची बाटली तू उघडलीस?"
"व्हय... हो, मॅडम."
"का?"
मान खाली. "पंधरा दिवस थांबा, मॅडम. मग सांगतो."
पंधरा दिवसांत काय पुसून टाकायचंय याला? मॅडमनी तेच विचारलं. पुन्हा आपलं तेच, "पंधरा दिवस."

३ फेब्रुवारी
त्याचं टेबल रिकामं. मॅडमनी प्रकल्पातून काढलं. कोइमतूरला मामाच्या गलाईच्या दुकानात सोनं गाळायला चाललाय म्हणे. जाताना माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होता — मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही.

जागा माझी. डबा तसाच परत आणला.

७ फेब्रुवारी
मिरजेचे कृमी. ताठ! चारही वेळा. म्हणजे माझंच खरं. आता वडूजहून आणायला कुणी नाही, आणि नकोच.

१४ फेब्रुवारी
पुण्याहून जनुक तपासणीचा अहवाल आला. मी काही पाठवलंच नव्हतं!

वडूजच्या कृमींच्या त्या वाहिनीत, औषध बसतं नेमक्या त्या जागी, एक अमिनो आम्ल वेगळं आहे. मिरजेच्या कृमींत नाही. ही नोंद आजवर कुठेच नाही.

नमुने पाठवल्याची तारीख २४ जानेवारी. मुख्य संशोधक — अर्फा. पाठवणारा — वीरधवल. खाली त्याची टीप: "तिच्याच बाटलीतलं औषध घेऊन मी वडूजच्या कृमींवर प्रयोग दोनदा करून पाहिला. तिचं काही चुकत नाही."