तारीख बरोबर, साल चुकलं

सातिवली, वसई (पूर्व)
रविवार, जेवणं आटोपल्यावर

प्रिय सायमन यास रामनाथचा मनापासून नमस्कार, आणि रोझलीन वहिनींना त्याहून थोडा जास्त वाकून. इकडे मी, हंसा आणि मनाली खुशाल आहोत. जीप खुशाल नाही, पण तिचं पुढे येईलच. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी बसवलेली ती नवी वाटी नीट बसली का? तुझ्या लेकीने, जेनिफरने, तुला पुण्यात अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवलं तेव्हापासून हंसा रोज एकदा तरी विचारते, की पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला माणूस इतक्या उंचावर करतो काय? तिथे तुला नदीतला मासा खावा लागतो हे कळल्यावर तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. (माझी बायको दुसऱ्याच्या जेवणावर फार लवकर रडते. मी तीन दिवस दुधी खाल्ला तेव्हा मात्र तिचे डोळे कोरडे होते.)

तू म्हणशील, फोन असताना हा पत्र का लिहितोय. बाबा रे, फोन मी केला होता. सकाळी अकराला केला, वहिनी म्हणाल्या, झोपलेत. संध्याकाळी सहाला केला, झोपलेत. रविवारी चर्चमधल्या मिस्साच्या वेळेला केला, तरी झोपलेत. रात्रभर जागून जाळी ओढणारा माणूस पुण्याला गेल्यावर एवढा झोपायला लागला, तर तिथली हवा बाटलीत भरून इकडे विकायला हवी. (रोझलीन वहिनी, पाकीट तुम्हीच फोडणार आणि आधी तुम्हीच वाचणार हे मला ठाऊक आहे. मी रागावलेलो नाही. तुमच्या जागी मी असतो, तर रामनाथ नावाच्या माणसाचा फोन मीही नवऱ्याच्या हाती दिला नसता.)

धंद्याचं विचारशील तर बरा चाललाय. पण तो आता जीपचा राहिलेला नाही. सातिवलीच्या गाळ्यावर पाटी अजून तीच आहे, 'हंसा ऑफ-रोड फॅब्रिकेशन', आणि आत बनतात खिडक्यांच्या ग्रिल. जीपला बंपर, विंचची बैठक किंवा डोक्यावर पाइपांचा पिंजरा करून घेणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं येतं, तेही चहा पिऊन भाव विचारून जातं. पण नायगावला रोज एक नवा टॉवर उभा राहतो आणि प्रत्येक टॉवरला माणसांपेक्षा खिडक्या जास्त असतात. खाडीकाठच्या आमच्या ज्या खाजणात मी पहिल्यांदा गाडी चालवली, तिथे आता बावीस मजले उभे आहेत. बाबा जिथे बांधावर बसून भाकरी खायचे, साधारण त्याच जागी टॉवरवाल्यांच्या क्लबहाउसचा दरवाजा आहे. त्या टॉवरची ग्रिल मीच लावली. मोजमाप घ्यायला सातव्या मजल्यावर गेलो आणि खिडकीतून खाली आमच्या जमिनीचा उरलेला तुकडा, बांध आणि त्यापलीकडची खाडी दिसली. हातातला टेप तसाच धरून मी बराच वेळ उभा होतो. शेवटी घरमालकीणबाईंनी विचारलं, काही प्रॉब्लेम आहे का? मी म्हटलं, नाही, खिडकी चांगली आहे.

त्याच तुकड्यावर तू मला पहिल्यांदा भेटलास, आठवतं? मी नुकती लिलावातली जुनी जीप आणली होती आणि खाजणात काय मर्दुमकी गाजवावी म्हणून घातली ती थेट चिखलात. चारही चाकं गडप. तू खाडीतून होडी घेऊन चालला होतास. होडी थांबवलीस आणि आधी पोटभर हसलास. एवढं हसलास की मला वाटलं हा आता पाण्यात पडणार. मग होडीचा नांगर उचलून खांद्यावर टाकलास, चिखलात चालत आलास आणि तो समोर खोल पुरलास. रुतलेली गाडी स्वतःला ओढून काढते तो विंचचा दोर अडकवायला खाजणात झाड नसतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. नांगराला दोर बांधला आणि जीप आपली आपण बाहेर आली. त्यानंतर माझं चुकलं कुठे ते बघायला म्हणून डाव्या सीटवर बसलास, तो बावीस वर्षं उतरला नाहीस.

लोकांना वाटायचं चिखलातली जीपची शर्यत ड्रायव्हर जिंकतो. मी ते कधी खोडून काढलं नाही, कारण फोटो माझा यायचा. पण खरं सांगतो, मी फक्त तुझा हात बघून स्टिअरिंग फिरवायचो. तू अनवाणी पुढे चालत जायचास, पायाला जमीन लागली की डावा हात वर, नाही लागली की उजवा, आणि अगदीच दगा असेल तर दोन्ही हात डोक्यावर. बाकीचे नॅव्हिगेटर घोट्यापर्यंत बूट घालून, कानाला यंत्र लावून ओरडत असायचे. तुझ्या पायात काही नाही आणि तोंडात फक्त तंबाखू. (वहिनी, बडीशेप. बडीशेप असायची.)

आणि चांदीपची ती शर्यत, जिच्यात पहिला नंबर आपल्या हातात होता! शेवटचा ओढा राहिलेला, मागे कोणी नाही, तू पुढे चिखल बघायला उतरलास आणि तुझे दोन्ही हात वर गेले. मी करकचून ब्रेक मारला. बघतो तर तू खाली वाकलेला. पुढे दगा वगैरे काही नव्हता, तुला बिळात चिंबोरी दिसली होती. तेवढी मोठी चिंबोरी सोडून पुढे जाणं तुझ्या रक्तातच नव्हतं. ती पकडून, नांग्या बांधून, हत्यारांच्या पेटीत टाकून तू परत वाट दाखवायला लागलास, तोवर तीन गाड्या पुढे गेल्या होत्या. आपण चौथे आलो. रात्री जेवायला बसेपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. वहिनींनी त्या चिंबोरीचं जे कालवण केलं, ते खाल्ल्यावर पहिल्या नंबरच्या कपात मला काही राम दिसेना. (वहिनी, हे मी तुम्हाला खूश करायला लिहीत नाही. म्हणजे करायला लिहितोय, पण खरंही आहे.)

आपली जीप तुमच्या बंदरावर होड्यांच्या रांगेत उभी केली होती, तेही काल आठवलं. मासेमारी सुरू व्हायच्या आधी फादर होड्यांना आशीर्वाद द्यायला यायचे. सगळ्या होड्या पताका लावून सजलेल्या आणि मधेच ही एक चार चाकांची, हंसाने झेंडूची माळ घातलेली. फादर थबकले. तू अगदी गंभीरपणे म्हणालास, "फादर, ही पन चिखलातच चालते. हिला पन पानी शिंपा." फादर हसले आणि त्यांनी होड्यांपेक्षा दोन थेंब जास्तच शिंपडले. दसऱ्याला हंसाची पूजा आणि बंदरावर फादरचा आशीर्वाद, असा दोन्हीकडून बंदोबस्त असल्यामुळे त्या जीपला आजवर कधी काही झालं नाही. गेल्या महिन्यापर्यंत.

आता मुद्द्यावर येतो. मनालीला गाडी चालवायची आहे. आपली मनाली, जी डाव्या सीटवर तुझ्या मांडीवर बसून सुकट खायची, ती आता पंचवीस वर्षांची आहे आणि तिला शर्यतीत उतरायचं आहे. मी म्हटलं, उतर, पण सराव माझ्याबरोबर करायचा. बावीस वर्षं उजव्या सीटवर बसलो, डावीकडे सरकून बसायला असं कितीसं शिकावं लागणार? सराव आमच्या उरलेल्या तुकड्यावर, कारण तेवढीच जागा राहिली आहे. आणि तिथे उतरायचं तर पाण्याची वेळ बघायला हवी.

ती मी बघितली. रीतसर बघितली. गाळ्यात माझ्या टेबलामागे कॅलेंडर आहे आणि त्याच्यावर तुझ्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं आहे, कधी उधाणाची मोठी भरती आणि कधी भांगाची लहान. एकोणीस तारखेसमोर तू स्वच्छ लिहिलं होतंस, 'भांग, पानी वर येत नाय.' मी निर्धास्त झालो. सकाळी निघताना हंसा दारात उभी राहून म्हणाली, "आज आवस हाय, गारी काढू नको." मला वाटलं, झालं हिचं सुरू. अमावस्येला गाडी काढायची नाही, शनिवारी तेल घ्यायचं नाही. मी तिला ऐकवलं, की सायमनने लिहून ठेवलंय, आज पाणी वर येत नाही. पंचांग मोठं की सायमन मोठा? ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी सावध व्हायला हवं, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला जमलेलं नाही.

आठ वाजता आम्ही खाली उतरलो. मनाली झकास चालवत होती. दहा वाजता चाकाजवळ पाणी दिसलं, मी म्हटलं, येतं थोडंसं. मग गाडी रुतली. अकराला पाणी दारापर्यंत आलं आणि आम्ही दोघं बांधावर. बाराला फक्त डोक्यावरचा पिंजरा दिसत होता आणि त्यावर एक बगळा येऊन बसला. टॉवरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, माझ्याच ग्रिलमधून लोक मोबाइल बाहेर काढून शूटिंग करायला लागले. सोसायटीचे सेक्रेटरी खाली येऊन विचारून गेले, की हे इथे रोज होणार आहे का? मी बांधावर बसून तुला मनातल्या मनात शिव्या देत होतो. आयुष्यात पहिल्यांदा तुझं पाणी चुकलं होतं.

संध्याकाळी गाळ्यावर येऊन ते कॅलेंडर पुन्हा पाहिलं. तारीख बरोबर होती, साल चुकलं होतं. दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर ते, तू पुण्याला जायच्या आधीचं. यंदाच्या एकोणीसला अमावस्या, म्हणजे उधाण, हंसा म्हणाली तसंच. तुझं अक्षर आहे म्हणून मी ते उतरवलंच नव्हतं, आणि रोज समोर दिसतं म्हणून ते जुनं आहे हेही विसरून गेलो होतो. तेव्हा सायमन, दोष कुणाचा म्हणशील तर थोडा तुझाही आहे. एवढं सुवाच्य लिहायचं नाही.

जीप निघाली ती ओहोटीला, सहाच्या सुमारास, आणि ती मी काढली नाही. मी जेसीबीवाल्याला फोन लावत बसलो होतो. मनाली दुपारीच मोटारसायकल घेऊन पाचूबंदरला गेली होती, तुझ्या पुतण्याकडे, जॉयलकडे. दोघं परत आले ते मोटारसायकलवर तुझ्या होडीचा नांगर आडवा धरून. पोरीने चिखलात उतरून तो पुरला, दोर लावला आणि जीप बाहेर काढली, जशी तू त्या दिवशी काढली होतीस. मी तिला ही गोष्ट शंभरदा सांगितली असेल. ती ऐकत होती हे मला त्या दिवशी कळलं. मला रडू आलं, ते मी तोंडावर उडालेल्या चिखलाच्या नावावर खपवलं.

मग गाडी धुताना ती मला म्हणाली, "पप्पा, गाडी तुम्ही मस्त चालवता. पण बाजूला बसणं तुम्हाला जमत नाही. तुम्ही चिखल बघतच नाही, माझे हात बघत बसता."

खरंच तिचे हात बघत होतो. एवढेसे होते रे ते.

इंजिन उतरवून खारं पाणी काढलंय, महिन्याभरात सुरू होईल. बाकी विशेष काही नाही. जेनिफरला आशीर्वाद. गुडघ्याला जप. वहिनींना सांग, पत्रात मागण्यासारखं काही नव्हतं, सहज चौकशीसाठी लिहिलं.

तुझा,
रामनाथ

ता. क. मागण्यासारखं थोडंसं आहे. भात कापून झाल्यावर, डिसेंबरात, चांदीपची शर्यत आहे. मनालीने नाव दिलंय. डाव्या सीटवर कोण, या प्रश्नासमोर तिने तुझं नाव लिहिलं. मला विचारलं नाही, तुलाही विचारलं नाही. असं का, म्हटलं तर म्हणाली, दुसरा कोणी असेल तर मी उतरत नाही.

ता. क. दुसरा (हा फक्त वहिनींसाठी. सायमन, तू वाचू नकोस.) वहिनी, आता खरं सांगून टाकतो. तुम्हाला वाटतं सायमन संध्याकाळी सोसायटीच्या बागेत फिरायला जातो. तो वॉचमनच्या फोनवरून मला फोन करतो. मनालीच्या शेजारी बसायचं त्याने केव्हाच कबूल केलंय. फक्त तुम्हाला विचारायची त्याची हिंमत होत नाही, म्हणून हे पत्र लिही असं त्यानेच मला सांगितलं. म्हणाला, जुन्या दिवसांचं लिही, चिंबोरीचं नक्की लिही, रोझलीन विरघळेल. मी लिहायला बसलो आणि तुमचं माहीत नाही, मीच विरघळलो. त्याच्या गुडघ्याच्या वेळी हॉस्पिटलच्या बाकावर तुम्ही कशा बसला होतात ते मी पाहिलंय, म्हणून जबरदस्ती नाही. त्याला चिखलात उतरू देणार नाही. चिखलाचा रंग बघून बसल्या जागेवरून सांगतो, असं तो म्हणतो. जीपच्या डाव्या बाजूला मी खाली एक पायरी वेल्ड केली आहे, त्याचा गुडघा दुमडणार नाही एवढ्या उंचीची. माप मनालीने जेनिफरकडून मागवलं. तुम्हीही या. पाचूबंदरचं घर जॉयलच्या बायकोने धुऊन ठेवलंय.

ता. क. तिसरा. जुनं कॅलेंडर मी उतरवलेलं नाही. त्याच्या शेजारी यंदाचं लावलंय, कोरं, आणि खिळ्याला पेन्सिल बांधून ठेवली आहे. सायमन म्हणाला, त्यासाठी यायला कशाला पाहिजे, फोनवर एकेक तारीख सांगतो, तू लिहून घे. मी म्हटलं, तुझा आवाज नीट येत नाही. वहिनी, आवाज अगदी स्वच्छ येत होता.