सिंथेसायझरवर जमनीचं रडणं

घाटंजीजवळचा तांडा

आदरणीय रुपीबाईंना फुलचंदचा वाकून जय सेवालाल.

मुकुटबनच्या थंडीत तुमचे गुडघे फार छळत नसतील अशी आशा करतो. (फोन करत नाही. माझा आवाज ऐकला की तुम्ही रडता, मग मी रडतो, आणि बोलणं राहूनच जातं.) आमच्या उज्ज्वलाच्या लग्नाला येणार नाही असं तुम्ही कळवलंत. जमनी गेल्यावर, बहिणीशिवाय या अंगणात पाय ठेववत नाही, हे मला समजतं. तेव्हा मुळीच येऊ नका. सोय झाली आहे.

सासरी निघताना पोरगी गळ्यात पडून ढावलो गाते, रडते, आणि आईने तिला रडूनच उत्तर द्यायचं असतं. आई नसेल तर मावशीने. जमनी नाही आणि तुम्हीही येणार नाही, म्हणून मी माझ्या सिंथेसायझरला कामाला लावलं. (वरातीत वाजवून पोट भरणाऱ्याला दुसरं काय सुचणार?) त्याला एक जॉयस्टिक आहे, ट्रॅक्टरच्या गिअरसारखी, पण बोटभर. चार दिशांना चार आवाज ठेवले: व्हायोलिन, बासरी, हार्मोनियम आणि माणसाचा 'आ'. दांडी जिकडे कलेल तो आवाज वर येतो, बाकीचे दबतात. शिवाय कोणता आवाज कधी चढावा आणि कधी विरावा, हे मिक्सरच्या एन्व्हलपमध्ये आधीच बसवून ठेवता येतं. जमनीचं रडणं व्हायोलिनसारखं बारीक सुरू व्हायचं, मग छातीतून 'आ' भरून यायचा, आणि शेवटी हार्मोनियमच्या भात्यासारखी नुसती हवा उरायची. कितीतरी दुपारी दांडी हलवत बसलो. ती गेल्यापासून इतका वेळ तिच्याजवळ बसायला मिळालं नव्हतं.

मंगळवारी ते जमलं. इतकं जमलं, की आवाज मोठा करून पुन्हा वाजवलं. तांड्यात रडणं ऐकू आलं की बायका हातचं काम टाकून धावतात, हे तुम्हाला मी काय सांगावं. कापूस वेचणाऱ्या साऱ्याजणी ओटीतल्या कापसासकट आल्या, अंगणात बसल्या आणि कोण गेलं हे न विचारताच रडू लागल्या. आमच्या तांड्याचे नायक लखीराम तर खांद्यावर पांढरं कापड टाकूनच आले. "फुलचंद, कोन गेलं रे? मले कोनी सांगूनच नाई राह्यलं." मी सिंथेसायझरकडे बोट दाखवलं. त्यांनी त्यालाच हात जोडले. मग सगळ्यांना चहा करावा लागला. रडणं चांगलं झालं, असं बायकांचं मत पडलं.

उज्ज्वला दारात उभी राहून ऐकत होती. "बा, माही याडी रडता रडता हसे," एवढंच म्हणाली आणि कपबशा धुवायला गेली. खरंच आहे. लेकीचं नाक पुसता पुसता जमनी हसायची. तेव्हापासून दांडी साऱ्या दिशांना फिरवून पाहिली. हसू कुठेच सापडलं नाही.

बाकी सर्व ठीक. काळजी नसावी.

तुमचा,
फुलचंद

ता. क. जमनीच्या मातीला तुम्ही रडता रडता माझी उलटी टोपी पाहून हसला होतात. लोकांना ते आवडलं नाही. मला मात्र क्षणभर तीच हसली असं वाटलं होतं.

आणखी एक. वर येऊ नका असं लिहिलं आहे, ते वाचू नका. घाटंजीच्या स्टँडवर मी मोटारसायकल घेऊन उभा राहीन. तुमच्या गुडघ्यांसाठी मागच्या सीटवर उशी बांधली आहे. मी नाही, उज्ज्वलाने बांधली, मी हे पत्र लिहायला घेण्याच्या आधीच.