उंबऱ्याबाहेरची सुईण

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

आलो एकदाचे बनारसला! गाडी पाच तास उशिरा, माझे पाय सुजून भोपळे झालेले, आणि ब्रह्मा घाटाच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही म्हणून उरलेला रस्ता पायी. वर घर तिसऱ्या मजल्यावर. बायकोला आठवा महिना लागलाय का, हे बँका बदली करताना विचारत नाहीत, एवढं मला आता नीट कळलंय. जिन्यात तीनदा बसले. निनाद दोन्ही बॅगा घेऊन वर-खाली करत होता आणि मी बसल्या जागेवरून त्याला सूचना देत होते. पण वर पोचले, खिडकी उघडली, तर समोर अख्खी गंगा! मी चक्क हसले. किती महिन्यांनी हसले कोण जाणे.

घरमालकीण सुरुचीकाकू दुसऱ्या मजल्यावर राहतात. चार पिढ्या इथेच, त्यामुळे मराठी आहे पण हिंदीची फोडणी घातलेलं. मला बघताच म्हणाल्या, हाय राम, मृणालिनी, तू तर अगदी थकून गेलीस, बस, पहले जेवून घे. गरम वरणभात आणि वांग्याचं भरीत. त्यांची चार वर्षांची नात ऋता माझ्या पोटाला कान लावून बसली. तिची आई कुठे असते विचारलं, तर काकू म्हणाल्या भात गार होतोय.

७ ऑक्टोबर, मंगळवार

बाळंतपण कुणाच्या हातून करायचं, या प्रश्नाने डोकं पिकलंय. माहेर आईबरोबरच संपलं, तेव्हा तिकडे जायचा सवाल नाही.

स्पष्टच लिहिते, वहीपुढे कसली लाज. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. दुसरी मुलगी. पूर्ण दिवसांची, मोठ्या हॉस्पिटलात, चार डॉक्टर उभे होते, कुणाची काही चूक नव्हती. जन्मली ती गप्पच. मी छत्तीस वर्षांची आहे आणि हे शेवटचं. हे जगलंच पाहिजे. बाकी कशाचं मला आता काही वाटत नाही, इतकी मी दमले आहे.

मैदागिनच्या बाजूला एक लहान प्रसूतिगृह आहे. तिथल्या लतिका सिस्टर बंगाली, वीस वर्षं बाळंतपणं करतायत. रीतसर शिकलेल्या आहेत, अडलं तर डॉक्टरना बोलावतात, एरवी सगळं स्वतः. गेल्या गेल्या मला वजनावरून झापलं. बाळाच्या लाथा रोज मोजून लिहायच्या, पुढे कळा सुरू झाल्या की त्यांच्या वेळा लिहायच्या, असं बजावलं. चला, या वहीला काम मिळालं.

असी घाटाकडे कालिंदी म्हणून एकजण आहे. बंगळूरला शिकून आलेली, घरी येऊन बाळंतपण करते. मोठा रबरी चेंडू, पाण्याचा टब, मंद संगीत. गोड बोलते बिचारी. तो टब आमच्या जिन्यातून वर कसा यायचा, हे मात्र तिने सांगितलं नाही.

काकूंचं म्हणणं तिसरंच. गल्लीची सुईण, सीता. चाळीस वर्षांत सीतेच्या हातचं एकही पोर दगावलं नाही, म्हणाल्या. मेथी निवडता निवडता म्हणाल्या, वर बघितलं नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सीता आज आपणहून आली. दुपारचे तीन वाजले असतील. साठीची, किडकिडीत, स्वच्छ लुगडं, नखं मुळापासून कापलेली. आत या म्हटलं तर नाही म्हणाली. बोलावल्याशिवाय ती आत पाऊल टाकत नाही. मी म्हटलं, अहो, बोलावतेच आहे की. तर म्हणाली, हे बोलावणं नाही. मग उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून बसून राहिली.

आता शुक्रवारी दारात आलेल्या सवाष्णीला तशीच कशी पाठवायची? आईने डोक्यात भरलेलं सुटत नाही. कुंकू लावलं, तांदूळ, नारळ, खण घालून ओटी भरली. तिने सगळं पदरात नीट बांधून घेतलं आणि मला काय हवंय ते विचारलं. मी सगळ्याच बायका म्हणतात तेच म्हटलं. मूल धडधाकट हाती येऊ दे, माझं काय व्हायचं ते होवो.

संध्याकाळी काकूंना सांगितलं, तर त्यांचा पळी धरलेला हात थांबला. आमच्या गल्लीत सुईणीची ओटी भरली म्हणजे तिला ठरवलं, म्हणाल्या. मी हसून म्हटलं, मग उद्या परत मागून घेते नारळ! काकू हसल्या नाहीत.

१५ ऑक्टोबर, बुधवार

लाथा मोजून पाच दिवस झाले. सकाळी शून्य. दुपारी तीन ते चार, सतरा. संध्याकाळी शून्य. रोज असंच. तीन वाजता सीता येऊन बसते, चारला उठून जाते. बोलत नाही, मागत नाही, चहा दिला तर पिऊन कप धुवून ठेवते. ती आहे तोवर बाळ नाचतं.

लतिका सिस्टर म्हणाल्या ठोके उत्तम आहेत, पोरांच्या आपापल्या वेळा असतात. असतील बाई. मला विचार करायचाही कंटाळा आलाय. खरं सांगायचं तर तीन वाजायची मी वाट बघायला लागले आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार. लक्ष्मीपूजन

परवा कालिंदी घरी आली होती. पोटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, हात गार आहेत म्हणाली. दारातल्या सीतेला मात्र तिने निघून जायला सांगितलं. असं कुणी टक लावून बसलं की आईच्या मनावर ताण येतो म्हणे. सीता वाद न घालता उठली. काल आली नाही.

तेव्हापासून आज सकाळपर्यंत एकही लाथ नव्हती.

आज सकाळी लतिका सिस्टरकडे धावलो. ठोके सापडले, पण मंद. डाव्या कुशीवर दोन तास झोपवलं, गोड पाजलं, मशीन लावून ठेवलं. हळूहळू जरा सुधारले. सिस्टरने उद्या पुन्हा बोलावलंय, आज रागावलीसुद्धा नाही. परत येताना गल्लीभर पणत्या मांडत होते आणि मला कशाकडे बघवेना. जिना चढले. शेवटचं वळण घेतलं, तर वर दाराशी सीता बसलेली. तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच पोटात लाथ बसली.

मी पायरीवर बसून घळाघळा रडले. तिच्यासमोर.

२२ ऑक्टोबर, बुधवार

कालिंदीचा निरोप आला, माझं बाळंतपण ती घेणार नाही. फोन करून कारण विचारलं. आधी तारखा जमत नाहीत म्हणाली. मग म्हणाली, हात ठेवला तेव्हा तिच्या हाताखाली आधीच कुणाचा तरी हात होता. आतून. शिकली-सवरलेली बाई, हे बोलताना तिचीच जीभ अडखळत होती. मी फोन ठेवला आणि कपडे वाळत घातले. दुसरं काय करणार?

२८ ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी खाली देवळाच्या ओट्यावर बसले होते. गल्लीतली पोरं खेळत होती. गुटगुटीत, एकही आजारी नाही. यातली सीतेच्या हातची कोणती, मी सहज विचारलं. अकरा निघाली. मग एकेकाला न्यायला माणसं आली. आजी. आत्या. बाबा. आजोबा. आणखी एक आत्या.

आई एकाचीही आली नाही.

तशीच वर काकूंकडे गेले आणि ऋताच्या आईचं विचारलं. या वेळी त्यांना भात आठवला नाही. सून हिमानी, २०२१च्या एप्रिलमध्ये दिवस भरले, शहरात कुठे खाट नव्हती, पोर आडवं आलेलं. काकूंनी सीतेला बोलावलं. सीतेने दारातूनच हिमानीला विचारलं, कुणाचं करायचं? हिमानीने सांगितलं. आत आल्यावर सीतेने काही वाकडं केलं नाही, काकू म्हणाल्या, त्या तिथेच होत्या. पोर रडलं आणि हिमानी झोपल्यासारखी गेली. ती मारत नाही गं, ती विचारते, असं म्हणत त्या पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? म्हणाल्या, तुझी दोन गेलेली. वाटलं, तुला पोरच हवं असेल.

राग आला. आणि त्या खोटं बोलत नाहीत, याचा जास्त आला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

निनादला सगळं सांगितलं. आधी हसला, मग चिडला, काकूंच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणाला. मग थोड्या वेळाने विचारलं, आज बाळ हललं का? तेवढंच. माझं काही विचारलं नाही. वाईट माणूस नाही तो. त्यानेही दोनदा कोरी दुपटी घडी घालून परत कपाटात ठेवली आहेत.

मग मात्र धावपळ केली. लतिका सिस्टरकडे सहा तारखेपासून खोली मिळाली. त्याआधी नाही, पाचला इथली देवदिवाळी, कार्तिक पौर्णिमेची, तिने गाव तुडुंब भरलंय. सिस्टर म्हणाली, सहाला भरती करू, मग मशीन लावून मी स्वतः बसते शेजारी. तिचा हात धरून ठेवावासा वाटला. मला हीच हवी आहे. ठरलं. हीच.

२ नोव्हेंबर, रविवार

दार लावून घेतलं. सीता बाहेर बसते, कळतं. दार बंद, बाळ बंद.

झोप नाही. पाठ मोडलीय.

४ नोव्हेंबर, मंगळवार

तीन वाजता दार उघडलं. लाथ. लावलं — काही नाही. उघडलं. लाथ. चार वेळा करून पाहिलं. देवा.

शेवटी लावलंच. दोन दिवस काढायचे फक्त. दोन दिवस.

५ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी १.२० — पाणी गेलं. तीन आठवडे आधी. निनाद सिस्टरला आणायला धावला. मला खाली नेणं शक्य नाही, गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. वेळा लिहायला सांगितल्यात, लिहिते.

१.४० — कळ.

१.५१ — कळ. काकू आल्या, पाणी तापत ठेवलं, माझ्या अंगाला हात न लावता खाली गेल्या. हाका मारल्या. त्यांनी खाली आपलं दार लावून घेतलं.

२.०४ — कळ. बाळ कालपासून हललेलं नाही.

२.१३ — निनादचा फोन. चौकात दोर बांधलेत, पोलीस सोडत नाहीत. सिस्टर बरोबर आहे. तासभर लागेल म्हणतो. तासभर!

२.३० — दार आपलं आपण — नाही, मीच उघडलं. सरपटत जाऊन. सीता बसली आहे.

२.४१ — उघडलं तरी लाथ नाही. आज नाही. ती म्हणते पोर दमलंय. तूही दमलीस.

२.४८ — सिस्टर फोनवर. पोट हलवून बघा म्हणाली, कुशीवर वळा, पुन्हा बघा. काही नाही. येते म्हणाली. फोन कट.

२.५५ — कळा थांबतच नाहीत. सीता विचारते, कुणाचं करायचं? ओरडून सांगितलं, दोघांचं! म्हणाली, दोघांचं तिला येत नाही.

३.०१ — मला जगायचंय. लिहून ठेवते. वाटलं होतं काही वाटत नाही म्हणून. मला खूप जगायचंय.

३.०५ — पण माझी मुलगी, ती गप्प होती. मांडीवर दिली तेव्हा गरम होती आणि गप्प — पुन्हा नाही. माझ्याने पुन्हा नाही —

३.०९ — बाळाचं, म्हटलं. बोलावलं.

आत आली. हात कोमट. पोटावर — हललं! अगं बाई, हललं — केवढी लाथ — पुन्हा — जिवंत आहे, माझं बाळ —

ती म्हणते वही ठेव आता. म्हटलं एकच ओळ. खाली जिन्यात पावलं, निनादचा आवाज, सिस्टरचा — आले वाटतं — आता आले —

निनाद, बाळाला कधीही कळू देऊ नकोस की मी