स्टिग्मा म्हणजे कुक्षी

मॅडम, आज बारावीच्या वर्गाला फूल शिकवलं. तुमच्यासारखंच, प्रत्येकाच्या हातात एकेक जास्वंद देऊन. टोकावरचे ते मखमली लाल ठिपके दाखवले आणि म्हणाले, "ही कुक्षी. इंग्रजीत स्टिग्मा. पराग इथं येऊन चिकटतात." एवढं सांगून पुढे गेले. तुम्ही तशा पुढे गेला नव्हतात. सुरगाण्याहून नाशिकला तुमच्या कॉलेजात शिकायला आले होते, तेव्हा प्रॅक्टिकलला मी विचारलं होतं, "मॅडम, पेपरात स्टिग्मा म्हणजे कलंक लिहितात. फुलाला कसला कलंक?" मुली हसल्या. तुम्ही हातातली सुई खाली ठेवलीत. "शब्द ग्रीकांचा. टोचून केलेली खूण, एवढाच अर्थ. पळालेला गुलाम सापडला की त्याच्या कपाळावर ती गोंदायचे, लोकांनी जन्मभर ओळखावं म्हणून. त्यातून कलंक आला. फुलावर ठिपका दिसला म्हणून कुणीतरी त्यालाही तेच नाव दिलं. फुलाचा काही दोष नाही गं." मी म्हणाले, "आमच्या आयच्या हातावर पण गोंदण हाय. तिनं हौसेनं काढलंय." तुम्ही म्हणालात, "कोण टोचतं आणि कशासाठी, त्यावर सगळं असतं."

मी बी.एस्सी.ला असताना तुमचे मिस्टर गेले. एड्सनं गेले, हे तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं, तरी आठवड्यात सगळ्या कॉलेजला कळलं. मग तुम्हीही तशाच वाळत गेलात. स्टाफरूममध्ये तुमचा कप वेगळा झाला. पालक आले, म्हणाले, आमच्या मुलींना ब्लेड-सुया या बाईंच्या हातून नकोत. तुम्हाला रजेवर पाठवलं. इंदिरानगरच्या तुमच्या फ्लॅटवर मी आले, तेव्हा कामवालीनं यायचं बंद केलं होतं. तुम्ही दार अर्धंच उघडलंत.

"आत येऊ नकोस. तुझं लग्न व्हायचंय."

"मॅडम, हात लावून होत नाही, तुम्हीच शिकवलंत ना?"

"मी शिकवलं गं. ऐकलं कुणी?"

मी आत आले. मऊ खिचडी टाकली. तुम्ही दोन घास खाल्लेत आणि ताट स्वतः घासायला उठलात, मला हात लावू देईनात. नंतर दर रविवारी येत राहिले. औषधं परदेशात निघालीत, आपल्याकडेही येतील, असं मी सांगायचे. तुम्ही ऐकून घ्यायचात, समजूत काढल्यासारखं माझ्याकडे बघायचात. शेवटी सरकारी दवाखान्यातून तुम्हाला प्लास्टिकमध्ये गुंडाळून अमरधामला आणलं. तुमचा भाऊ गाडीजवळच उभा राहिला. चेहरा उघडा म्हटलं, तर तिथला माणूस म्हणाला, "ताई, लांबूनच बघा." प्लास्टिकमधून काहीच दिसलं नाही. एवढं शिकलेलं गाव, मॅडम, आणि तुम्हाला उचलायला माणसं मिळेनात. शिकवून माणूस बदलतो, हे तेव्हापासून मला वाटत नाही. पगार मिळतो, शिकवते.

आता ती औषधं त्याच दवाखान्यात फुकट मिळतात. परवा कामासाठी तिकडे गेले होते. खिडकीपुढे रांग होती. धडधाकट माणसं, डबे घेऊन आलेली, एकमेकांशी बोलत उभी. एक बाई तर हसत होती. बरं वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, मला त्या बाईचा इतका राग आला की मी तिथून निघून आले.