काचेची पेटी विधानभवनात

३ मार्च
बोलावलं! खरंच बोलावलं! आमदारांच्या समितीसमोर आम्हा मधमाशीवाल्यांना दहा मिनिटं! नणंदेनं फोन ठेवला आणि मला कमरेला धरून गरागरा फिरवलं. हातातला मध सांडला, ओट्यापासून दारापर्यंत चिकचिक. पुसताना दोघी हसतोय वेड्यासारख्या.

कायद्यात एकच कलम हवंय — फुलोऱ्यात औषध फवारायचं असेल तर शेजारच्या मधमाशीवाल्याला आदल्या दिवशी कळवायचं. बस! कळलं की आम्ही अंधार पडल्यावर पेट्यांची दारं लावू. गेल्या वर्षी कळलं नाही आणि निम्म्या पेट्या गेल्या. मेलेल्या माशा सुपानं भरल्या मी. असा आणखी एक हंगाम आला तर आमचा गाशा गुंडाळायचा, दोघींनाही ठाऊक आहे.

फवारणी कुणाची? पलीकडच्या बागवाल्याची. तो आमदार आहे. आणि त्याच समितीत आहे. घ्या!

५ मार्च
भाषण पाठ. आरशासमोर ठीक, नणंदेसमोर त-त-प-प. "वहिनी, माशांशी बोलतेस तसं बोल की!" माशांना मी शिव्या घालते, हे ती विसरली.

काचेची पेटी न्यायची ठरली. पोळ्याची एकच चौकट, पण राणीसकट. बघू देत एकदा जवळून.

९ मार्च
अरे देवा, काय करून बसले!

दारावरच्या शिपायानं आमचा स्मोकर, माशांना शांत करायचं धुराचं भांडं, उलटासुलटा करून विचारलं, "किटली का?" नणंद म्हणाली, "तसंच काहीसं." सोडलं! खरं तर स्मोकरचं तिथं कामच नव्हतं. पण पेटी निघाली की तो हातात येतोच.

प्रवासानं माशा खवळलेल्या. काचेआड नुसता गोंगाट, आमदार मंडळी खुर्च्या मागे सरकवताहेत. आणि माझे हात! मला न विचारता गोणपाट पेटवलं, भाता दाबला, जाळीतून धुराचे दोन झोत. माशा गप्प. छतावरचा आगीचा भोंगा सुरू!!

अख्खं विधानभवन हिरवळीवर. एक मंत्री हातात अर्धं बिस्कीट घेऊन. मला पोलिसानं अडवलेलं, नणंद त्याच्याशी हुज्जत घालतेय, पेटीला हात लावायला कुणी तयार नाही. शेवटी बागवाले आमदारच ती छातीशी धरून बाहेर आले, घामाघूम. मग मांडीवर घेऊन बसले, बराच वेळ.

"राणी कुठली?"

दाखवली.

"फवारलेलं ह्यांना कळतं का हो?"

"नाही ना कळत. म्हणून तर आम्हाला कळवा म्हणते."

झालं माझं भाषण! परतताना नणंद गाडीत भोंग्याची नक्कल करत होती. हसून हसून पोट दुखलं. जिंकलो, असं आपलं आपणच ठरवून टाकलं.

१६ मार्च
कलम पडलं. बागवाल्यानंही विरोधात हात वर केला. शेतकऱ्यावर आणखी सक्ती नको, म्हणे. मांडीवर घेऊन बसला होतास ना रे! मेल्याचं तोंड बघायचं नाही.

बागेत फुलं उमलायला लागलीत, म्हणजे पंप येणारच. कधी, देव जाणे. नणंद न जेवता झोपली.

१९ मार्च
दिवेलागणीला फोन. "ताई, पलीकडचा बागवाला बोलतोय. उद्या सकाळी फवारणी आहे. पेट्या बंद ठेवा." मी काही बोलायच्या आत ठेवला.

नणंद अनवाणीच पळाली! मीही जाते. दारं लावायचीत.