जे हललं नाही, ते लिहायचं नाही

३ फेब्रुवारी

साहेबांनी फळ्यावर पुन्हा तोच आकडा लिहिला. पडद्याला लागणाऱ्या विजेतला निम्मा घास आमची मेमरी चिप एकटी खाते! आणखी पाच टक्के कापा. "डाएट नको, उपास हवाय उपास." पंधरा तारखेला डिझाइन कारखान्यात जायलाच हवं.

चित्र मेमरीत सेकंदाला साठ वेळा नव्याने लिहिलं जातं. मी म्हटलं, चित्राचे चौकोन पाडू. जो चौकोन हललाच नाही, तो लिहायचा नाही. साहेबांनी पहिल्यांदाच खडू खाली ठेवला.

कल्पना खरं तर बाबांची. थिएटरात मशीन चालवायचे तेव्हा म्हणायचे, "पडदा निम्मा वेळ काळाच असतो, बये. बाकीचं डोळा भरून काढतो."

बाबांचा व्हेंटिलेटरवरचा आज सतरावा दिवस.

५ फेब्रुवारी

दादाचा फोन. फरक नाही.

७ फेब्रुवारी

जमलं! अडत होतं ते तुलनेपाशी. मेमरीत काय आहे ते वाचून ताडून पाहायचं, तर वाचायलाही वीज लागते. म्हणून नव्या चित्राची तुलना फक्त आत्ताच येऊन गेलेल्या चित्राशी. किरकोळ फरक सोडून द्यायचा. चिप अजून हातात नाही, पण टेबलावरचा चाचणी-बोर्ड हुबेहूब तिच्यासारखा वागतो. त्यावर धावणारे घोडे चालवले, लाटा चालवल्या, चेंडू चालवला. कुठे डाग नाही. सहा टक्के वाचले.

भिंगने नाक मुरडलंच. चुका शोधणं हेच त्याचं काम, त्यावरूनच हे नाव पडलं. म्हणाला, "एवढं गोड निघालं की मला घास उतरत नाही."

८ फेब्रुवारी

डॉक्टर दादाला म्हणाले, सांगितल्यावर काही हलवतात का ते बघा. काहीच नसेल तर बारा तारखेला यंत्र काढू. ते स्वतः दोनदा येऊन गेले, दोन-दोन मिनिटं. काही नाही.

बाबांचं अंग पुसणाऱ्या मावशी मात्र हटून बसल्यात. "सांगितलं की उजवं बोट उचलतात. मुंगीच्या पावलाने, पण उचलतात!"

दादा म्हणाला, "तीन आठवडे झाले, माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नाही राहिला. तू बघ. लांबून नीट दिसतं."

मी रजा मागितलेली नाही. पंधरा तारीख, पंधरा तारीख. खरं लिहिते – मागितलीच नाही.

१० फेब्रुवारी

दादाने व्हिडिओ कॉल लावून पलंगाच्या कठड्याला मोबाइल बांधला. फक्त हात दिसेल असा. मी इकडे ते चित्र चाचणी-बोर्डाच्या मोठ्या पडद्यावर जोडून घेतलं. त्यावर नखाची रेघही दिसते. सकाळी दहा ते एक, जागची उठले नाही.

दादा दर पाच मिनिटांनी म्हणायचा, "बाबा, बोट उचला." मी बघायचे. पांढरी चादर, त्यावर हात. बोट जागच्या जागी. एकदा मावशी ओरडल्या, "आत्ता! आत्ता बघा!" मी पडद्याला नाक लावलं. काही नाही. मनात आलं, बिचाऱ्यांचा जीव आहे बाबांवर. डोळा भरून काढतो.

एकला दादाने विचारलं, "काय?"

"नाही रे."

"नक्की?"

"नक्की."

मागून मावशींचा आवाज, "अहो, हे काय बोलता–"

"मावशी, जरा बाहेर थांबा," दादा म्हणाला. मग मला, "बरं."

१२ फेब्रुवारी

बाबा गेले. सकाळी अकरा वीस. मी प्रवासात होते.

१५ फेब्रुवारी

डिझाइन कारखान्यात गेलं. साहेबांचा निरोप आला – अभिनंदन, आणि वडिलांबद्दल वाईट वाटलं. एकाच ओळीत.

२४ फेब्रुवारी

कामावर पहिला दिवस. बोर्डावर येणारं प्रत्येक चित्र आपोआप साठवलं जातं, हे मी विसरलेच होते. भिंगने नवी चाचणी म्हणून साठ्यातली एक फीत उचलली, कुणाची ते न बघता. मला हाक मारली. दोन पडदे शेजारी शेजारी. डावीकडे आलेलं चित्र, उजवीकडे आपल्या मेमरीतून गेलेलं.

"गंमत बघ. हा पेशंट इकडे झोपलाय, तिकडे सलाम करतोय."

डावीकडे बोट वर येत होतं. इतकं हळू की एका चित्रातून दुसऱ्यात फरक किरकोळच. किरकोळ फरक आपण सोडून देतो. दर वेळी सोडला. दर वेळी थोडाच! बोट पूर्ण वर गेलं, थांबलं, खाली आलं. उजवीकडे पांढरी चादर, त्यावर हात.

भिंगने आवाज वाढवला. "बाबा, बोट उचला."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही पडदे बंद केले.

"चालू कर," मी म्हटलं. तीन तास पाहिलं. अकरा वेळा.

दोषाची नोंद मीच लिहिली. 'दोष कोणाकडून' या रकान्यात माझं नाव.

२५ फेब्रुवारी

दादाला फोन केला. सगळं सांगितलं – चौकोन, तुलना, अकरा वेळा.

तो म्हणाला, "मी शेजारीच बसलो होतो गं. मला दिसत होतं. तू काय म्हणतेस, त्याची वाट बघत होतो."