ट्रँगलचे तीन ठोके

प्रिय ठकू,

पत्र बघून दचकू नकोस. बाबा ठणठणीत आहेत, मीही चालती-फिरती आहे. फोन सोडून आई कागद-पेन घेऊन का बसली ते सांगतेच, पण मला जरा माझ्या वाटेने येऊ दे. आठ दिवस झाले, जिवाला स्वस्थता नाही. हातातलं काम अर्धं टाकून दुसरं धरते आणि तेही अर्धंच राहतं.

आधी घरातली बातमी. बाबांनी आपला जुना अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा उघडलाय. जेवणाच्या टेबलावर त्याचं पोट फाडून ठेवलंय आणि आम्ही दोघं ओट्याशी उभ्याने जेवतो. आतली ऑप-अँपची चिप बदलणं चाललंय. तीच ती, दोन्ही बाजूंना चार-चार पाय असलेली, जिला तू लहानपणी काळं झुरळ म्हणायचीस. आत येणारा बारीक आवाज मोठा करून पुढे पाठवायचा, एवढंच तिचं काम. पण बाबांचं म्हणणं, चांगली चिप बसवली की आवाजावरची धूळ पुसली जाते. आता त्यांनी तिथे सॉकेटच जोडलंय. जुनी उपटायची, नवी दाबून बसवायची. दोन महिन्यांत तीन चिपा झाल्या. आणि या सगळ्याच्या मुळाशी, बाई गं, मी आहे.

तुला ठाऊकच आहे, बाबांचे स्वतःचे कान दुकानात लाउडस्पीकरांपुढे बसून बसून कधीच गेले. दुरुस्त झालेला प्रत्येक सेट गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी माझ्यापुढे यायचा. "आमच्या मीटरला ऐकवतो, मग न्या," असं ते लोकांना सांगायचे, आणि मी ओले हात पुसत खुर्चीत डोळे मिटून बसायची. रेकॉर्ड ठरलेली, वाद्यवृंदाची. शेवटाकडे तिच्यात ट्रँगलचे, त्या कांडीने वाजवायच्या लोखंडी त्रिकोणाचे, तीन ठोके येतात. शाळेत आमच्या बँडच्या सिस्टरनी माझा गळा एकदाच ऐकला आणि माझ्या हातात ट्रँगल दिला. तीन वर्षं मी तो वाजवला. बाकीच्या मुली गायच्या, मी मनात आकडे मोजत उभी असायची, चुकेन की काय म्हणून तळहाताला घाम. तो आवाज मी झोपेतही ओळखेन, अशी माझी घमेंड होती.

दोन महिन्यांपूर्वी ते ठोके आलेच नाहीत. मी सरळ म्हणाले, "अहो, तुमचं मशीन बिघडलंय. ट्रँगल गिळला त्याने." त्यांनी जराही शंका घेतली नाही. "तू म्हणतेस म्हणजे बिघडलंच," म्हणाले आणि चिपा मागवल्या. पहिली बसवली, मी मान हलवली. दुसरी बसवली, पुन्हा तेच. त्यांचा चेहरा इतका उतरला की मीच चिडवलं, "झुरळं मेलेली पाठवली वाटतं तुम्हाला!" तिसऱ्या वेळी मात्र मी डोळे मिटले नाहीत. बोका मांडीवर झोपला होता. ठोक्यांची जागा आली आणि त्याचा कान हलला. एकदा, दोनदा, तीनदा. मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. पण बाबा स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून, निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "आला! स्वच्छ आला!" त्यांनी टाळीच वाजवली. "बघितलंस? अजून हात चालतो म्हाताऱ्याचा!" तेव्हापासून स्वारी हवेत आहे. एका शाळेच्या सभागृहातला, माइकचे आवाज एकत्र करणारा मिक्सर त्यांच्याकडे आलाय. त्यातल्या सगळ्या चिपा काढून हीच नवी बसवायचं कबूल करून बसलेत, येत्या शनिवारी. काल मी सहज बोट लावलं तर ती चटका बसेल इतकी तापलेली होती. तसं सांगितलं तर म्हणतात कसे, "जुन्या सर्किटात अशी चलाख चिप कधीकधी शिट्टी मारते, मग तापते. पण तुला शिट्टी कुठे ऐकू येतेय? मग झालं तर!" बोका हल्ली त्या खोलीत पाऊल टाकत नाही, ठकू.

शनिवारच्या आत त्यांना सांगणार आहे. ते रागावणार नाहीत, तेच अवघड आहे. "असं होय," म्हणतील आणि मुकाट्याने टेबल आवरायला लागतील.

पण त्यांच्याआधी तुला सांगायला हवं, कारण तुझ्याशी मी वागले ते याहून वाईट आहे. वर्षभर मी तुझ्याशी फोनवर अंदाजाने बोलतेय. तुझा आवाज चढला की 'हो का', उतरला की 'बरं बरं', आणि थांबलीस की 'छान'. फोनच खराब असेल, तू दमली असशील, अशी स्वतःची समजूत घालत आले. गेल्या रविवारी तू खूप वेळ बोललीस, नेहमीपेक्षा हळू. त्यातला 'डॉक्टर' एवढा एकच शब्द माझ्या हाती लागला. मग तू थांबलीस आणि मी हसून म्हणाले, "छान झालं गं!" नंतर फोन बंद झालेला दिसला. त्यानंतर तुझा फोन नाही. मी लावायला घेते आणि खाली ठेवते. तू पुन्हा सांगितलंस तरी मला कळणार नाही, ही भीती. मोबाइलवर दोन ओळी टाकता आल्या असत्या, पण हे सगळं कबूल केल्याशिवाय तुला विचारायला तोंड नव्हतं. काय सांगितलंस तू मला? बरं असो, वाईट असो, जसं बोललीस तसं सगळं लिही. वाचल्याबरोबर निघून येते.

तुझ्या अक्षराची वाट बघणारी,
तुझीच,
आई